गाडी खाली पाहिजे

सिडकोतल्या ज्या रो-हाउसच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होतो, त्या घराचे मालक घरात बसत नसत. झोपायला, जेवायला आणि देवापुढे दिवा लावायला ते घरात जात. बसायचं असलं की पोर्चमध्ये उभ्या असलेल्या गाडीत बसत. पेपर गाडीत, सकाळचा चहा गाडीत, संध्याकाळचे फुटाणे गाडीत. कुणी भेटायला आलं की आतूनच म्हणायचे, "या, बसा." नवखा माणूस साहजिकच घराच्या दाराकडे वळायचा. मग मालक, त्यांना मी काका म्हणायचो, गाडीचं उजवीकडचं दार आतून ढकलून उघडत आणि पुन्हा तेवढ्याच शांतपणे म्हणत, "इकडं. इकडं बसा."

मी खोली बघायला गेलो तेव्हा माझी मुलाखतही तिथंच झाली. मी स्टिअरिंगमागे, काका डाव्या सीटवर. माझ्या सीटवर एक जाडजूड उशी होती. मी उंचीनं जरा जास्तच आहे, त्यामुळे बसल्याबरोबर डोकं टपाला आपटलं. उशी काढू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नाय. उशी असू द्या. तुम्ही डोकं खाली घ्या." मग सगळी मुलाखत मी मान खाली घालून दिली. ‘पोरगं लई नम्र आहे,’ असं त्यांनी नंतर शेजारच्या वकीलसाहेबांना सांगितलं म्हणे. आमच्या गावात खोली बघायला गेलं की आधी आडनाव, मग गाव, मग मटण खाता का, अशा क्रमानं चौकशी होते. काकांनी एकच विचारलं, "गाडी येते?" येते म्हटलं. "मग खोली तुमची."

गाडी येते हे का विचारलं, ते राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी चितेगावच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. कंपनीची बस यायच्या आधी खाली उतरायचं, गाडी सुरू करायची, इंजिन जरा तापू द्यायचं आणि बंद करायची, एवढंच माझं काम. काका मात्र त्याला ‘जाऊन येणं’ म्हणत. इंजिन सुरू झालं की ते सावरून बसत आणि मला रस्ता सांगायला लागत. गाडी पोर्चमधून तसूभर हलत नसे. "आता टीव्ही सेंटरला डावीकडं घ्या, राजे. हां. पुढं खड्डा आहे, दमानं." आधी मला वाटलं, म्हातारा सरकलाय. पण काही दिवसांनी खड्डा आला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायला लागला, तेव्हा मी त्यांना काही बोलायचा हक्क गमावला.

काका पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कालवे, चाऱ्या, नाले, गाडीवाटा हे सगळं त्यांनी जन्मभर कागदावर ओढलं. जिल्ह्यातला कुठला फाटा कुठं फुटतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. फक्त गाडी चालवता येत नव्हती. तरुणपणी आमखास मैदानावर एकदा प्रयत्न केला होता आणि तो पेरूच्या गाड्यापाशी संपला होता. "पाय दोन आणि पायडल तीन," ते म्हणत. "हिशेब जुळतच नाय."

तो हिशेब काकूंनी जुळवला. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. या शहरात गाडी चालवणारी बाई दिसली की पोरं सायकली थांबवून बघायची, त्या काळात काकू ही पिस्त्याच्या रंगाची चौकोनी गाडी घेऊन शाळेत जायच्या, बाजारात जायच्या, बिडकीनला सासरी जायच्या. काका शेजारी बसून रस्ता सांगायचे. बिडकीनच्या भावकीत यावर पुष्कळ हसणं व्हायचं. बाई चालवती आन बाप्या शेजारी बसतो, असं कुणीतरी तोंडावर म्हणालंच एकदा. काका म्हणाले, "ती चालवती, मी रस्ता सांगतो. नुसतं चालवून माणूस पोचतो व्हय?" काकू बुटक्या होत्या. त्यांना बॉनेटच्या पलीकडचं दिसावं म्हणून ती उशी होती.

मी राहायला आलो त्याच्या बऱ्याच आधी काकू गेल्या होत्या. मी त्यांना फोटोतच पाहिलं. त्या गेल्यानंतर काका गाडीत बसायला लागले असं वकीलसाहेब म्हणायचे, आणि सांगताना कानाजवळ बोट फिरवायचे. मला तसं कधी वाटलं नाही. घरात काकूंच्या नसण्याला काही आकार नव्हता, त्या सगळीकडेच नव्हत्या. गाडीत त्या फक्त उजव्या सीटवर नव्हत्या. डावी सीट काकांची होती, तिथं का बसलात असं त्यांना कुणी विचारणार नव्हतं. आणि उजवीकडे कुणाला तरी बसवलं की काकांना बरं वाटायचं. दूधवाला, गॅसवाला, पोलिओचे डोस द्यायला येणाऱ्या बाया, सगळे त्या उशीवर बसून गेलेले आहेत.

आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी त्याहूनही उशिरा. पाणी आलं की सगळी गल्ली कामाला लागायची. हंडे, ड्रम, टाक्या. त्या दिवशी काका अर्धी बादली गाडीसाठी काढून ठेवत. एवढ्यावरून गल्लीत केवढा गहजब! बायका ऐकू जाईल अशा बेतानं बोलायच्या, इथं प्यायला नाय आन यांची गाडी आंघोळ करती. काका ओलं फडकं फिरवत शांतपणे सांगायचे, "माझ्या आंघोळीतलं काढलंय, ताई. हिच्यासाठी कुणाच्या वाटणीचं नाय घेतलं." ते खरं होतं. त्या दिवशी काका फक्त तोंड धुवायचे.

त्यांची मुलगी गुवाहाटीला होती, तिथल्या एका कॉलेजात शिकवायची. दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी एकच विचारायची, "बाबा, इकडे कधी येताय राहायला?" काका दर रविवारी एकच उत्तर द्यायचे, "मी आलो तर गाडी कोण बघील?" एवढं बोलून झालं की मग दोघं हवापाण्याचं बोलत. फोन स्पीकरवर असायचा, कारण काकांना फोन कानाला लावला की गुदगुल्या होतात असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे मलाच नव्हे, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही हे सगळं पाठ होतं.

एका रविवारी तिनं वेगळंच विचारलं. "बाबा, गाडी पाठवता का इकडे? कंपन्या असतात, ट्रेलरवरून आणतात. मी सगळी चौकशी केलीय."

काका थोडा वेळ समोरच्या काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "पाठवतो की."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "राजे, आईची गाडी मागितली तिनं. इतक्या वर्षांत काय मागितलं नाय कधी पोरीनं." मी म्हणालो, मग तुम्हीही जाणार ना? त्यावर ते म्हणाले, "मला कुठं बोलावलं तिनं आज? गाडीच मागितली." मला हे बरोबर वाटलं नाही. म्हटलं, दर रविवारी बोलावतेच की. "ते त्या-त्या रविवारचं झालं," काका म्हणाले, आणि फुटाण्यांची पुडी उघडली. माझी मात्र खात्री होती की गाडी गेली की मागोमाग हेही जाणार. मी गुपचूप दुसरी खोली बघायलासुद्धा सुरुवात केली होती.

ट्रेलरवाल्या कंपनीला फोन लावला तर पहिलाच घोळ गावाच्या नावावरून झाला. पलीकडच्या बाईनं आमच्या शहराचं जुनं नाव ऐकलं आणि गाडी न्यायला बिहारमधल्या त्याच नावाच्या गावी ट्रेलर पाठवायची तयारी केली. नकाशे काढणाऱ्या माणसाला याहून मोठा अपमान नसेल. काकांनी तिला अक्षांश-रेखांशासकट आपलं गाव कुठं आहे ते समजावून सांगितलं. शेवटी तिनं इथल्याच त्यांच्या माणसाचा नंबर दिला.

हा माणूस शहागंजातला, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, बोलायला गोड. त्यानं फोनवर सांगितलं, "चचा, बस गाडी खाली करके रखो. गाडी एकदम खाली होना."

"खाली?" काका म्हणाले. "अजून किती खाली? जमिनीवरच उभी आहे ती."

काकांना त्याचं बोलणं कळलं नव्हतं असं मुळीच नाही. त्यांचं निम्मं बालपण या शहरात असल्याच बोलण्यात गेलेलं. पण नको असलेली गोष्ट कुणी सांगितली की ते एकदम अस्सल मराठी व्हायचे. पलीकडून तो बिचारा समजावत राहिला, "खाली मतलब रिकामी, चचा, रिकामी," आणि इकडे काका मला म्हणत, "वर असती तर खाली केली असती ना, राजे." असं तीनचार फोन चाललं. मला हसू येत होतं आणि मधेच हसू थांबत होतं.

शेवटी मीच एका सुट्टीच्या दिवशी गाडी रिकामी करायला घेतली. काका पोर्चच्या पायरीवर बसून बघत होते. चष्म्याची घरं, गोळ्यांची डबी, फुटाणे, पेपरांची रद्दी, एक हातपंखा, एक नॅपकिन, दाढीचा आरसा. मागच्या सीटवर उन्हाळी सतरंजी. डिकीत तालुक्यांचे गुंडाळलेले नकाशे. एका माणसाचं बसणं-उठणं त्यातून निघालं आणि पायरीवर रचून ठेवल्यावर ते फारच थोडं दिसलं. काका म्हणाले, "हे आता कुठं ठेवायचं?" मी म्हणालो, घरात. ते म्हणाले, "व्हय, घरात," पण उचललं काहीच नाही.

शहागंजवाला तपासणीला आला. नियमाप्रमाणे गाडीच्या अंगावरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढायचा होता. काका त्याच्या मागे मागे फिरत होते. "हा पैठण रोडवरचा. बैलगाडीचं जू लागलं. चूक बैलाची होती. आन हा शाळेच्या फाटकाचा. ती म्हणायची फाटक पुढं आलं." तो माणूस ‘जी, जी’ करत फोटो काढत राहिला. मग आत वाकला आणि म्हणाला, "चचा, ये तकिया निकालो."

"ते गाडीचं आहे."

"सुटा सामान चलता नै, चचा. मेरी नोकरी जाती."

काकांनी वाद घातला नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलो तर गाडीत उजवी सीटच नव्हती. काकांनी कुणाला तरी धरून ती सोडवली होती आणि रिक्षात मांडीवर घेऊन मोंढा नाक्यावरच्या सीटकव्हरवाल्याकडे नेली होती. दोन दिवसांनी सीट परत आली तेव्हा उशी तिच्यावर चारी बाजूंनी दाभणानं पक्की शिवलेली होती, वरून जाड रेक्झिनची पट्टी मारलेली. शहागंजवाल्याला बोलावून काका म्हणाले, "घ्या. आता सुटी नाय." त्यानं उशी ओढून पाहिली. मग काकांकडे पाहिलं. मग मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "हौ चचा, ये तो सीटच है."

पेट्रोल टाकीत अगदी थोडं ठेवायचं, हाही एक नियम होता. तो काकांनी निमूट पाळला. आरटीओचा ना-हरकत कागदही न कुरकुरता आणला. त्या दिवसांत ते इतके शहाण्यासारखे वागत होते की मला काळजी वाटायला लागली होती.

ट्रेलर आमच्या गल्लीत शिरणं शक्य नव्हतं. गाडी आपणच वाळूजच्या रस्त्यावरच्या आवारात नेऊन द्यायची होती. मी रजा टाकली. सकाळी काका धुतलेला सदरा घालून डाव्या सीटवर बसले. मी उशीवर बसलो, सवयीनं मान वाकवली आणि गाडी पहिल्यांदाच खरोखर पोर्चच्या बाहेर काढली. काका रस्ता सांगत होते आणि या वेळी रस्ता खरा होता. जालना रोडवर आलो, बाबा पेट्रोल पंपाशी मी सरळ जायच्या तयारीत होतो तर म्हणाले, "डावीकडं."

"काका, वाळूज सरळ."

"ठाऊक आहे. नकाशा मी काढलाय."

डावीकडे पैठणचा रस्ता. मी रोज कंपनीच्या बसनं जातो तोच. चितेगाव आलं, माझा कारखाना मागे पडला. पेट्रोलचा काटा खाली खाली जात होता. एका पंपावर थांबून मी थोडं भरून घेतलं. बिडकीनच्या अलीकडे त्यांनी मला आत वळवलं. तिथं त्यांच्या भावकीची शेतं होती. सगळी नव्या औद्योगिक वसाहतीत गेली. आता तिथं इतके रुंद रस्ते होते की विमान उतरावं, आणि त्यावर आमची एकटी गाडी. कारखाने अजून यायचे होते. दिव्याचे खांब मात्र उभे राहिले होते, ओळीनं, उन्हात.

काका इकडे तिकडे बघायला लागले. "इथं नाला होता," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "नाय. तिकडं असंल." पुढे एक चौक आला, चारी बाजू सारख्या. मी गाडी हळू केली. काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "राजे, कुठं वळायचं?"

इतक्या दिवसांत त्यांनी मला रस्ता विचारला नव्हता. मी गाडी तिथंच बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि सहज बोलून गेलो, "काका, रस्ता रिकामा आहे. तुम्ही चालवून बघता का?"

ते हसले. "पाय दोनच आहेत अजून." पण ते उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी उतरलो. ते उशीवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्लीला हात लावला नाही. मी बाहेर उन्हात उभा होतो. त्यांनी समोर पाहिलं, आरशात पाहिलं, मग मान वळवून डाव्या सीटकडे पाहिलं आणि बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

"इथनं सगळं वेगळंच दिसतं की," ते म्हणाले. "मी तिला उगंच डावं उजवं सांगत बसायचो. तिला सगळा रस्ता दिसत होता."

मग उतरून आपल्या जागेवर जाऊन बसले. परत येताना त्यांनी रस्ता सांगितला नाही. वाळूजपर्यंत माझा मीच गेलो.

आवारात ट्रेलर उभा होता. आमच्या गाडीच्या पुढेमागे सगळ्या नव्याकोऱ्या, चकचकीत गाड्या. कंपनीच्या ड्रायव्हरनं गाडी फळीवरून वर चढवली, चाकांना पट्टे आवळले. काका खालून बघत होते. शहागंजवाला म्हणाला, "फिकर नको चचा, फूल जैसी पहुंचेगी." काकांनी मान डोलावली. ट्रेलर निघाला तेव्हा ते थोडे पुढे चालले, पण ट्रेलर वळला तिथं थांबले. येताना आम्ही सिटी बसनं आलो. काका खिडकीपाशी बसले होते आणि मी बाजूला, आणि मला इतकं एकटं वाटत होतं की शेवटी मीच विचारलं, आता कुठला थांबा? त्यांनी सांगितलं नाही. झोप लागली असावी, किंवा तसं दाखवत असावेत.

गाडी रस्त्यात होती तेवढे दिवस काका पोर्चमध्ये येरझाऱ्या घालत. पोर्च मोठा दिसायला लागला होता आणि जो येईल तो तेच बोलून दाखवायचा. वकीलसाहेबांनी तिथं झोपाळा टांगायची कल्पनासुद्धा मांडली. लोक आता घरात येऊन बसत. काका त्यांच्याशी दारात उभं राहून बोलत. मी सकाळी सवयीनं लवकर उठायचो आणि करायला काही नसायचं, म्हणून खाली येऊन दोघांचा चहा करायला लागलो.

तो चहा करत असतानाच एका सकाळी गुवाहाटीचा फोन आला. रविवार नव्हता. फोन स्पीकरवर.

"बाबा, गाडी पोचली. मस्त पोचली. एक ओरखडासुद्धा नवा नाही."

"बरं झालं," काका म्हणाले. "पोरी, उशी बघितली का? पक्की शिवलीय."

"बघितली." ती हसली असावी. मग म्हणाली, "आता तुमचं तिकीट काढू ना? कुठल्या तारखेचं?"

"माझं कशाला?"

"बाबा, असं काय करता? तुम्ही इतकी वर्षं म्हणताय, आलो तर गाडी कोण बघेल. आता गाडी इथे आहे."

काकांनी गाडी उभी असायची त्या जागेकडे पाहिलं.

"मला गाडी कशाला हवी होती?" तिचा आवाज बदलला. "मला आहे की गाडी. कॉलेजला रोज तीच नेते. तुम्ही यावं म्हणून मी मागवली, बाबा. गाडी आली की तुम्ही याल असं वाटलं मला."

मी गॅस बारीक केला. काका पोर्चच्या मधोमध उभे होते, हातातला फोन तोंडासमोर धरून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला गोंधळ होता. मुलगी आईची आठवण मागते आहे असं धरून त्यांनी आपल्याजवळचं होतं नव्हतं ते देऊन टाकलं होतं, आणि तिला ते नकोच होतं. आणि मी हे सगळं ऐकत आलो होतो, प्रत्येक रविवारी, आणि मलासुद्धा कळलं नव्हतं.

"मग परत पाठवतीस का?" त्यांनी विचारलं. अगदी हळू, लहान मुलानं विचारावं तसं.

पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला.

"नको, नको," काका घाईनं म्हणाले. "राहू दे. रडू नको, पोरी. राहू दे तिथंच. एवढ्या लांबनं गेलीय, परत हलवायला नको तिला. हाल होतील."

"आणि तुम्ही?"

"बघू," काका म्हणाले. मग तिथं पाऊस आहे का असं विचारलं, तिनं आहे म्हणून सांगितलं, आणि फोन संपला.

मी चहा घेऊन बाहेर आलो. काकांनी कप घेतला. घरात सोफा होता, जेवणाच्या टेबलाभोवती खुर्च्या होत्या, पायरीही होती. ते चहा हातात धरून एकदा इकडे गेले, एकदा तिकडे, आणि शेवटी त्यांनी तो उभ्यानंच प्यायला.